जुन्या मारुतीची शपथ

युद्धात शत्रू कधी दगा देत नाही. त्या कामाला माणूस आपलाच लागतो आणि तोही भरवशाचा. बिनभरवशाच्या माणसाने दगा दिला तर त्याला कुणी दगा म्हणत नाही.

हे शास्त्र नवी सावळदरीच्या बेबीबाईंना सरपंचपदाच्या मतदानादिवशी सकाळी साडेनऊला समजले. गाव हिंगोली जिल्ह्यातले, मतदार अकराशे बेचाळीस (मयत धरून अकराशे साठ). जुनी सावळदरी धरणात गेली. धरणाला जमीन देणाऱ्या गावाच्या नळाला पाणी नाही, ही व्यवस्था न्याय्यच आहे. जमीन देण्याचा मान आणि पाणी, दोन्ही एकालाच मिळणे बरे दिसत नाही. बेबीबाईंनी पाइपलाइनसाठी अकरा वर्षे अर्ज केले. हंडे वाहून गुडघे गेले, अर्ज मात्र टिकले. शेवटी त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

त्यांचे सेनापती उत्तमराव. चार निवडणुका लढवून चारही जिंकलेला माणूस (दोन या पॅनलकडून, दोन त्या). प्रचाराचा नारळ फुटला तेव्हा भावकीची सत्तावन्न मते बेबीबाईंनाच, अशी मारुतीची शपथ त्यांनी चारचौघांत घेतली. बेबीबाईंना भरून आले होते.

मतदानादिवशी शिंपी जलालुद्दीन, म्हणजे बेबीबाईंचा पोलिंग एजंट, धापा टाकत आला. सेनापती समोरचे उमेदवार रतनसिंग यांच्या टेबलावर बसून मतदारांना चिठ्ठ्या वाटत होते. मागे भावकी रांगेत उभी होती.

बेबीबाई तशाच गेल्या आणि शपथेचे काय झाले, ते विचारले. उत्तमरावांनी आदराने हात जोडले.

"वहिनी, शपथ मोडली न्हाई म्या. कोन्ता मारुती, ते तुमी इचारलंच न्हाई. जुन्या मारुतीची घेतली. त्यो सध्या पान्यात हाये."

खुलासा कायदेशीर होता. गाव उठले तेव्हा जुना मारुती जागचा हललाच नाही, म्हणून नव्या गावात नवा बसवला. जुना फक्त वैशाखात धरण आटले की वर येतो. त्यामुळे त्याची शपथ हंगामी असते.

बेबीबाई दोनशे बारा मतांनी पडल्या. गाव संतापले. गद्दार, गद्दार म्हणत माणसे बेबीबाईंच्या ओट्यावर चढू लागली. प्रत्येकाने उत्तमरावांना शिव्या घातल्या, चहा घेतला आणि आपले मत बेबीबाईंनाच दिल्याची शपथ घेतली. चार दिवसांत असे सातशे बेचाळीस जण झाले. इतक्या मतांनी त्या गावात आजवर कुणी निवडून आले नव्हते.

जलालुद्दीनने मापे घेतल्यासारखा हिशेब लावला. "बाई, उत्तमरावचे सत्तावन्न तिकडून काढून इकडं जोडले, तरी बी माप भरत न्हाई."

बेबीबाईंना उत्तमरावांचा राग येईना, आणि याचेच वाईट वाटले. पुढच्या माणसाने शपथ घेतली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "कोन्त्या मारुतीची?"

तो धरणाकडे पाहू लागला.

नळ आता पाच वर्षे येत नाही. वैशाखात अख्ख्या सावळदरीला हंडे घेऊन धरणातच उतरावे लागेल, आणि तिथे जुना मारुती कोरडा होऊन बसलेला असेल. बेबीबाई शेजारी बसणार आहेत, प्रत्येकाची शपथ पुन्हा ऐकायला.

वाचकहो, उत्तमरावांचा राग आला असेल तर तुम्हीही यावे. ओट्यावर आलेले सगळे येतील. येताना, "आपलं मत तुमचंच समजा" हे तुम्ही गेल्या खेपेला किती जणांना म्हणालात, तेवढे आठवून या. हंडा नाही आणला तरी चालेल.