नवले सरांची माइकांची पंगत

नवले सरांच्या घरी दोघांनी मिळून जायची सोय नव्हती. दोघे गेले की सर एकाला आत घेत आणि दुसऱ्याला पायरीवर बसवत. "तुमचं नंतर," एवढंच म्हणत. आत गेलेल्या माणसाने तोंड उघडलं की सर उठून भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हाताने थांबवत, स्वयंपाकघरात जाऊन भणभणणारा स्टोव्ह बंद करत आणि खुर्चीत बसून म्हणत, "हं. आता बोला." त्यामुळे त्या घरात वेळ कधी बरोबर नसे आणि चहा कधी उकळत नसे.

फिजिक्सचा हा प्राध्यापक शिष्ट आहे, यावर सगळ्या संगमनेरचं एकमत होतं. माझं मत त्याहून कडक होतं. दुष्काळाचं साल होतं. खडी फोडणाऱ्या बायांना पुरी मजुरी मिळावी म्हणून आम्ही पोरं पत्रकं काढत होतो, आणि ज्याच्या घरात दोन माणसं एकत्र बसू शकत नाहीत तो माणूस जनतेच्या बाजूचा असणं शक्यच नाही, अशी माझी खात्री होती. त्यात बातमी आली की सरांकडे आठ माइक पडून आहेत. आठ! आमच्या सभेला भाड्याचा एक मिळायची मारामार. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि नवं पत्रक त्यांच्या हातात दिलं.

सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं. "उद्गारचिन्हं फार झालीत. प्रत्येक वाक्य ओरडतंय. मग ऐकायचं कुठलं?"

"सर, माणसं उपाशी आहेत."

"हे बरोबर. हे ठेवा. बाकी सगळं बाजूचं आहे."

'बाजूचं' हा त्यांचा आवडता शब्द. वर्गात एखाद्या मुलाने "सर, मला असं वाटतं की" अशी सुरुवात केली की ते हात वर करत. "हे बाजूचं झालं. समोरचं बोल." लग्नाच्या आमंत्रणाला आलेल्या माणसालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

"माइक कशाला ठेवलेत एवढे?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातली चादर ओढली. खाली जुन्या सायकलचं हँडल, चिमट्यासकट लाकडी ठोकळ्यावर उभं केलेलं. त्यावर आडवा बांबू, आणि बांबूवर सारख्या अंतराने सुतळीने बांधलेले आठ माइक. "ही माझी पंगत," सर म्हणाले. पुण्याला असताना ते याच विषयावर संशोधन करत होते. तिथे यासाठी कपाटाएवढी यंत्रं होती. इथे सायकलचं हँडल होतं.

"समोरून आलेला आवाज आठही पानांत एकदम वाढला जातो," ते सांगू लागले. "मग आठांची बेरीज होते, आवाज मोठा होतो. बाजूने आलेला आवाज पहिल्या पानात आधी पडतो, आठव्यात उशिरा. त्यांचं आपसात जुळत नाही. एकमेकांना खोडतात आणि विरतात. आपण फक्त हँडल वळवायचं. ज्याच्याकडे तोंड, त्याचं ऐकू येतं."

"आणि याचा लोकांना उपयोग काय?"

"तुम्हाला एक माइक आणि हजार कान हवेत. मला आठ माइक आणि एक कान. तुमच्या-माझ्यात एवढाच फरक."

"कुणाचा कान?"

सर आतल्या खोलीकडे वळले. मग म्हणाले, "आत या."

आतल्या दाराला टेकून यमुनाताई बसल्या होत्या. सरांच्या पत्नी. कानात ऐकायच्या यंत्राची वायर. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. तीन वर्षांपूर्वी क्षय झाला. इंजेक्शनांनी छाती बरी झाली, पण कान गेले. कानातलं यंत्र सगळंच सारखं मोठं करी. एक माणूस शांततेत बोलला तर ताईंना कळे. दुसरा बोलू लागला, स्टोव्ह पेटला, घड्याळ वाजलं की सगळ्याचा मिळून एक घरघराट. घरी येणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं ताई दारामागे बसून ऐकत. पाहुण्यांना एकेकटं आत घ्यायचं ते त्यांच्यासाठी.

पण वर्गात चाळीस पोरं. त्यांना एकेकटं कसं आत घेणार? ताई बिनपगारी रजेवर होत्या. दिवाळीनंतर तपासणीचे साहेब यायचे होते. भरल्या वर्गात मुलांचं ऐकू आलं तर ताईंना वर्ग परत मिळणार, नाहीतर नोकरी संपली.

मी पेटलो. "अन्याय आहे हा! आम्ही मोर्चा आणतो शाळेवर."

"मोर्च्याने खुर्ची मिळेल," सर म्हणाले. "पोरांचं ऐकू येईल का?"

मी उरलेली पत्रकं खिशात कोंबली.

"तुम्ही असं करा," सर म्हणाले, "मला गोंगाट पुरवा."

रविवारी आमची सगळी पोरं त्या घरात शिरली. ज्या घराने दुसरा माणूस कधी पाहिला नव्हता, तिथे वीस जण भिंतीला पाठ लावून घोषणा देऊ लागले. सर वैतागले. "सगळे एकच काय ओरडताय? वेगवेगळं ओरडा!" ते आम्हाला जमेना. एकजुटीची इतकी सवय की दोन मिनिटांत पुन्हा सगळे एका तालात. शेवटी सरांनी एकाला बाजारभाव दिले, एकाला एस.टी.चं वेळापत्रक, एकाला आरती.

ताईंनी डोक्याला हेडफोन लावला आणि हँडल हळूहळू फिरवलं. भीमाशी येऊन थांबल्या. हा पठारावरचा गडी, आमच्यात सगळ्यात जोरकस.

"हा घोषणा देत नाहीये," ताई म्हणाल्या. "हा म्हणतोय, च्या कवा मिळनार."

भीमा उडालाच. "आयला! ताईंस्नी लईच ऐकू येतंय की!"

सगळं घर हसलं आणि ताईही हसल्या. आमच्याबरोबर, त्याच क्षणी. सर खिडकीकडे वळले आणि बराच वेळ एका सुटलेल्या वायरीशी खटपट करत राहिले. ती वायर सुटलेली नव्हती.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी सरांना वर्गात येऊ दिलं नाही. पंगत आत ताईंच्या टेबलावर, सर आणि मी बाहेर उन्हात, खिडकीच्या कठड्यावर बॅटरीची पेटी धरून. हेडमास्तरांनी पोरांना असा दम भरला होता की वर्गात कुणी श्वासही घेत नव्हतं. सरांना राहवेना. त्यांनी गजांमधून ओरडून सांगितलं, "अहो, पोरांना बोलू द्या! शांततेत तर तिला ऐकू येतंच!"

"तुमची बाई पास व्हावी म्हणूनच मी गप केलीयत ना पोरं!" हेडमास्तर चिडले.

साहेब रुक्ष होते, पण सरळ. म्हणाले, "सतराचा पाढा म्हणा रे. सगळे. मोठ्याने."

चाळीस गळ्यांनी छप्पर हादरलं. साहेबांनी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या मुलीकडे बोट केलं. "बाई, ही कुठवर आली सांगा."

ताईंनी हँडल वळवलं. हेडफोन कानाशी दाबला. पाढा पुढे चालला, ताई गप्पच.

"ही काही म्हणत नाहीये," ताई म्हणाल्या.

"साहेब, तोंड हलतंय की तिचं!" हेडमास्तर म्हणाले. "आपल्याला दिसतंय!"

साहेबांनी हात वर केला. वर्ग थांबला. "काय गं, म्हणत होतीस ना पाढा?"

मुलगी खाली बघत राहिली. मग रडवेली होऊन म्हणाली, "मला येतच न्हाई, साहेब. म्या नुसतं त्वांड हलवते."

"कधीपासून?"

"लई दिसांपासनं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आजपासून वर्ग तुमचा."

ताईंना ते ऐकू आलं नाही. पंगतीचं तोंड अजून त्या मुलीकडे होतं. साहेबांच्या ते लक्षात आलं. ते चालत बांबूसमोर जाऊन उभे राहिले आणि पुन्हा एकदा, नीट, म्हणाले, "बाई, आजपासून वर्ग तुमचा."

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरांचा एकच कल्ला उडाला. त्या कल्ल्यात ताईंनी हँडल खिडकीकडे वळवलं आणि आठही माइक सरांसमोर आले.

सर खिडकीच्या गजांशी वाकले. तीन वर्षं ते ताईंशी एकतर बंद खोलीत बोलले होते, नाहीतर चारचौघांत ओरडून. आता ते अगदी हळू म्हणाले, "संध्याकाळी न्यायला येऊ?"

ताईंनी मान हलवली. "नको. तुम्ही कशाला उन्हातान्हात? मी येईन शाळेतल्या बायकांबरोबर. बोलत बोलत."

"बरं," सर म्हणाले.

ते तिथेच उभे राहिले. मग आणखी काहीतरी बोलले. मी शेजारी होतो, तरी मला ते कळलं नाही. आत पोरं ओरडत होती, आणि ताईंनी हँडल केव्हाच तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीकडे वळवलं होतं.