वाकाबा घोडी छपराबाहेर निघाली त्याची हकीकत

श्री. वाटेच्या कडेस दगडरूपे उभी असलेली, जिला आताशा शेवाळाखेरीज कोणी शिवत नाही, त्या अश्वमुखी देवतेस दंडवत घालून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी उगवतीकडील एका डोंगरी मुलखांत बर्फ गुडघाभर पडिले होते, आणि तेथे तोकुजीबावा नामे ऐशी वर्षांचे शेतकरी पत्नी किनुबाई व वाकाबा नामे तांबूस घोडी यांसह एका गवती छपराखाली नांदत होते. घर काटकोनांत वळलेले. एका अंगी माणसे, दुसऱ्या अंगी घोडी, मध्ये चूल, आणि भिंत म्हणाल तर नाही. घोडी आडव्या वाशावरून मान काढून चुलीपाशी बसलेल्यांची तोंडे पाही, आणि सकाळी तिचा कोंडा आधी शिजे, मग माणसांचा भात. पूर्वी घरोघर ऐसेच होते. मग दरबाराने फर्मान काढिले की घोडे विका आणि यंत्रे घ्या, आणि रयतेने घोडे विकिले, आणि मग पन्नास वर्षांनी त्याच दरबारास जाग आली की अरे, घोडे गेले कोठे! मग शोधितां शोधितां घोडीसह नांदते घर सगळ्या मुलखांत हे एकच निघाले, आणि वारसा खात्याचे कारभारी शिगेमोरीपंत यांची स्वारी मोजपट्टी घेऊन, जोड्यांवर पिशव्या चढवून दाखल जाहली.

पंत घोडीस लवून बावांस बोलिले, "बाबा, मनुष्य आणि अश्व यांचं सहजीवन दरबार जतन करणार. इथं शिक्का उठवा."

"अहो, कागद वाचा तरी," किनुबाई म्हणाल्या.

"वाचायचं काय त्यात? आपल्या वाकाबाचा मान होतोय," ऐसे बोलून बावांनी शिक्का उठविला, आणि तेथेच फसले. मग आठ दिवसांनी पंत नियमावली घेऊन आले. घर आता दरबारी ठेवा जाहले, आणि ठेव्याच्या घरांत विस्तव नाही, कारण छप्पर गवती. जनावर नाही, कारण खांब कुजतात. आणि उभयतांस मागे पत्र्याची खोली, तींतही जनावर नाही, कारण ती सरकारी.

"मग सहजीवन करायचं कुणी?" बावांनी पुसिले.

"ते आम्ही चित्रांनी दाखवू," पंत गोड हसून बोलिले. "घोडीला गावाबाहेर पक्की पागा आहे. वीज आहे, पंखा आहे."

"ह्या थंडीत पंखा!" किनुबाई म्हणाल्या. "वारा कमी पडत होता होय तिला?"

मग घोडी पागेत नेली, आणि तीन दिवस ती दाण्यास तोंड लाविना. मग चौथे दिवशी बावा गोधडी काखोटीस मारून पागेतच राहावयास गेले, आणि घोडीने दोन घास खाल्ले, आणि तेवढ्यांत पहारेकरी येऊन म्हणाला, "बाबा, उठा. पागेत माणसानं राहणं नियमात बसत नाही."

"घरात ती नको, इथं मी नको. मग आम्ही दोघं मिळून बसतो तरी कुठल्या नियमात?"

पहारेकरी भला माणूस. त्याने नियमावली चाळिली, पुन्हा चाळिली, आणि म्हणाला, "नाही सापडत, बाबा."

मग पंधरवड्यांत घोडीच्या बरगड्या दिसू लागल्या. किनुबाई म्हणाल्या, "पठारावरच्या सोहेईंकडे अजून सात घोडे आहेत. त्यांच्यात तरी खाईल. इथं मरेल." मग बावांनी मालमोटार बोलाविली. घोडी फळीवर पाय ठेवीना. मग बावा स्वतः आधी चढले, आणि घोडी निमूट त्यांच्या पाठोपाठ चढली, आणि मग बावा पुढल्या लहान दाराने उतरले, आणि कडी लागली. मोटार नदीचे वळण घेईपावेतो आंतून खूर आपटत होते, आणि बावांनी हात कानांवर न नेतां ते सगळे ऐकिले.

मग चैत्रमासी ठेवा थाटाने खुला जाहला. घोडीच्या जागी पेंढा भरलेली कापडी घोडी, कळ दाबितांच खिंकाळणारी. पंत म्हणाले, "बाबा, उभा जन्म घोड्यांत गेला आपला. मंडळींना दोन शब्द सांगा."

बावा उभे राहिले आणि बोलिले, "ती माझ्यामागं कुठंही यायची. म्हणून मी आधी चढलो."

मंडळींनी, ही जुन्या लोकांची घोडे हाताळण्याची रीत ऐसे समजून, टाळ्या वाजविल्या, आणि पंतांनी ते वाक्य पाटीवर कोरण्याचा हुकूम दिला.

येणेंप्रमाणे घर राखिले, दरबाराची कीर्ति जाहली, आणि घोडी पठारावर खाऊ लागली ऐसे पत्र आले. किनुबाईंनी ते बावांस दोनदा वाचून दाखविले. बावा दोन्ही वेळां "बरं" म्हणाले. जतन झाले ते ऐसे.