नाना मास्तरांचा अमेरिकेचा भाऊ

आमच्या शेजारचे नाना मास्तर माणसाला रंगावरून ओळखत. सकाळी ओट्यावर उभे राहायचे आणि समोरची जिजाक्का दिसली की ओरडायचे, "जिजाक्का, आज तुम्ही अगदी पिवळ्या!"

"पिवळी? माले कावीळ व्हयनी का?" जिजाक्का घाबरून नखं बघायची.

"कावीळ नाही हो, आनंद!"

नाना भडगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. धुळ्याच्या बाजारात रद्दीवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं, अमेरिकेतल्या एका नव्या धर्तीच्या चित्रकाराच्या आयुष्याचं. त्या दिवसापासून तो चित्रकार आमच्या गल्लीत राहायलाच आला. नाना त्याला 'आपला भाऊ' म्हणत. भाऊच्या बापाची विटांची भट्टी होती, भाऊ पॅरिसला पळून गेला, परत आला तो झाडं निळी काढायला लागला, हे सगळं आम्हा बायकांना पापड लाटता लाटता पाठ झालं. चित्रं कोणी घेईना तेव्हा भाऊने बटाटे लावले, हे ऐकून जिजाक्काला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

"पीक कसं उनं?" तिने विचारलं.

ते नानांना माहीत नव्हतं. पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. त्यामुळे भाऊ मेलाही नाही. "असेल कुठेतरी रंग कालवत," नाना म्हणायचे.

भाऊ माणसांची चित्रं नाक-डोळ्यांशिवाय काढायचा, नुसते रंग आणि रेघा. नानांनीही तेच सुरू केलं. हेडमास्तरांचं चित्र म्हणजे एक करडा चौकोन आणि वर लाल टोक.

"हे टोक काय आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तुमचा राग."

तो मग सगळ्या शाळेने पाहिला.

एका रविवारी नानांनी मोठा कागद आमच्या ओट्याला टेकवून ठेवला. पिवळ्यावर एक तिरकी हिरवी रेघ, तिच्या बाजूला तांबडा गोल.

"ओळखा, कोण आहे. एकाने ओळखलं तरी पुरे. नाहीतर आजपासून ब्रश चुलीत!"

गल्ली जमली. कोणी केळीचं पान म्हणालं, कोणी आगगाडीचा सिग्नल.

"ना नाक, ना डोया. तुम्हनं डोकं फिरनं का, नाना?" जिजाक्का म्हणाली. सगळे हसले. नानाही हसले आणि कागद गुंडाळू लागले.

मी दारामागे उभी होते. लग्न होऊन आल्यापासून नानांशी मी एक शब्द बोलले नव्हते. पण मला दिसत होतं. पिवळी ती गिरणा नदीची वाळू. हिरवं ते लुगडं. तांबडी ती डाव्या कडेवरची तांब्याची कळशी, आणि तिचा भार तोलायला उजवीकडे कललेल्या माई. माई म्हणजे नानांची बायको. नवी नवरी असताना मी त्यांच्याबरोबर नदीवर जायचे. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

"माई आहेत," मी म्हणाले.

हसणं थांबलं. नाना दाराशी आले.

"सुमन, तिचा एकही फोटो नाही गं," ते हळूच म्हणाले. "चेहरा आता आठवत नाही मला. हसताना तिच्या गालाला खळी पडायची का?"

मलाही नक्की आठवत नव्हतं.

"पडायची की," मी म्हणाले. "डाव्या गालाला."

"हो, डाव्याच," नाना म्हणाले.