दाजींचा लेख छापून येतो

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कोणताही प्रश्न विचारला की उत्तराचे तीन पर्याय सोबत देत: होय, नाही, सांगता येत नाही. लग्नाआधी आक्काला पसंतीही अशीच विचारली म्हणे. आक्कानं तिसरा पर्याय निवडला. तीन लेकरं झाली, तरी तिनं उत्तर बदललेलं नाही.

समाजकार्यात पीएच.डी. झालेला सगळ्या मानवत गावात हा एकच माणूस. विषय, कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कचरा वेचणाऱ्या बाया. प्रबंध झाला होता, पण त्यावरचा लेख छापून आल्याशिवाय दाजी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेईनात. लेख इंग्रजीत टाइप करायला मी. तहसिलीतला कारकून, कानानं इंग्रजी लिहिणारा. 'लेबर'चं मी पानोपानी 'लिव्हर' केलं. दिल्लीच्या संपादकांनी लेख वैद्यकीय मासिकाकडे धाडायचा सल्ला दिला. दुसऱ्यांदा परत आला तो तक्ता उलटा चिकटवल्यामुळं. तोही मीच चिकटवला होता.

तिसऱ्या खेपेला पत्र हातात धरून दाजी अनवाणी तहसिलीत धावत आले. साहेबांसमोरच ओरडले, "छापायलेत! लेख छापायलेत!" कचेरीचं काम थांबलं. साहेबांना काय छापायलेत ते कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी बुंदी आणायला धावलो.

बुंदी येईपर्यंत दाजींनी पत्राची शेवटची ओळ वाचली होती. बायांची नावं काढून क्रमांक घालावेत, अशी अट होती. आणि नाव छापून आणीन, असा शब्द दाजींनी एकेकीला दिलेला. जिनात जाऊन त्यांनी खालमानेनं अट सांगितली. गयाबाई म्हणाली, "नंबर तर मुकादमाच्या वहीतबी हाय माजा. तू नाव छापतो म्हनला व्हतास."

लेख आला, क्रमांकांसकट. सोबत विद्वानांना वाटायला लेखाच्या सुट्या प्रती. दाजींनी विद्वान सोडून दिले. एकेका प्रतीत एकेकीचा क्रमांक खोडून वर शाईनं नाव घातलं आणि आम्ही दोघं जिनात गेलो. गयाबाईचं बोट धरून त्यांनी तिच्या नावावर ठेवलं. नाव जातंय का, ते तिनं आधी पदरानं पुसून पाहिलं. मग प्रत छातीशी धरली.

परतताना दाजींच्या हातात एक प्रत उरली होती. मी उघडली. क्रमांक नऊच्या वर लिहिलं होतं, सोनाबाई. दाजींची आई. लेख पहिल्यांदा परत आला, त्याच हिवाळ्यात ती गेली होती.

संशोधनात आपलं माणूस घ्यायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक होतं. मी काही विचारायच्या आत दाजींनी प्रत काढून घेतली.

"तिलाबी शब्द दिला होता," ते म्हणाले.