तिसऱ्या लेव्हलची अदृश्य भिंत

“चोर मला बघून पळत न्हाई, विजयश्री. पळून फायदा न्हाई हे त्याला ठाऊक असतंय,” अशी स्वतःची ओळख करून देत गुरुलिंग अण्णांनी नौबादमधल्या विजयश्रीच्या माडीवरच्या खोलीत पाऊल टाकलं. तीस वर्षं विजेचे मीटर वाचल्यामुळे आपल्याला भिंतीच्या आतलंही दिसतं, असा त्यांचा दावा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी लावली आणि दोन प्रकरणं तडीस नेली. मन्नाएखेळ्ळीच्या पाहुण्यांची हरवलेली चप्पल त्यांनी तीन दिवसांत शोधून काढली. ती अण्णांच्याच पायात होती. दुसऱ्या प्रकरणाबद्दल ते बोलत नसत.

“अण्णा, अकराला या म्हणलं होतं. साडेअकरा झालेत.”

“विलंबाचं कारण डायरीत पान एकवर नोंदवलंय,” अण्णा खुर्ची ओढत म्हणाले. “तू मुद्द्याचं बोल.”

विजयश्री एरवी त्यांना चहा पाजून वाटेला लावायची, पण आज ती रडकुंडीला आली होती. दोन वर्षं ती एकटीच एक गेम बनवत होती. बंगळुरूच्या एका मेळाव्यात नवे गेम मांडायला मिळणार होते आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती. अट एकच होती. गेमची तिसरी लेव्हल पाच जणांनी शेवटपर्यंत खेळल्याची नोंद जोडायची. अर्ज गेला नाही, तर सोमवारपासून टायपिंग क्लासात शिकवायला जाईन, असं तिनं वडिलांना कबूल केलं होतं. कबूल करताना तिला फार वाईट वाटलं होतं.

लेव्हल तशी सोपी. एका मुलीनं डबा घेऊन गावातल्या गल्लीतून चालत जायचं आणि कमलनगरची जीप सुटायच्या आत स्टँड गाठायचं. पाच जण खेळले आणि पाचही जण एकाच वळणावर थांबून माघारी फिरले. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, पुढं वाट न्हाई.

वाट तर होती. विजयश्रीनं ती गेले आठ दिवस घासूनपुसून लख्ख केली होती. भिंतीवरचं ऊन, गोठ्यातला बैल, शेळीची सावली, रस्त्यावर वाळत घातलेली ज्वारी, तारेवरचे कावळे, काही म्हणून सोडलं नव्हतं.

अण्णांनी भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावलं. “हा बैल कामून बघायलाय?”

“चित्र हाय ते, अण्णा.”

“नजर ओळखतो मी. धनराजला फोन लाव.”

धनराज खरोखरच कमलनगरला जीप चालवायचा आणि पाचांतला पहिला होता. “तू वळणावर थांबलास तवा बैल बघत होता का?” अण्णांनी दरडावून विचारलं.

“कोणता बैल?”

‘साक्षीदार घाबरलेला आहे,’ असं अण्णांनी लिहून घेतलं. विजयश्रीनं बैल काढून टाकला. धनराज आपल्या मोबाईलवर पुन्हा खेळला आणि पुन्हा माघारी फिरला.

“म्हणजे बैल निर्दोष. मग वैऱ्यानं कुणीतरी वाटेत अदृश्य भिंत घातलीय. हैदराबादचा असणार.”

“भिंत न्हाई, सगळं तपासलंय. हे बघा, मी जाते की.” तिनं एक बटन दाबलं आणि मुलगी हवेत उठून गल्लीवरून तरंगत थेट स्टँडवर उतरली.

“तू उडालीस?”

“बनवणारे उडूनच बघतेत, अण्णा. दिवसातनं पन्नासदा कोण चालत बसतंय?”

“मग गुन्हेगार तूच!” अण्णांनी डायरी मिटली. “पायी जाणारे सगळे अडायलेत आणि उडणारी तू एकटीच.”

शेवटी त्यांनी स्वतः खेळून बघायचं ठरवलं. एका बोटानं बटनं दाबत ते वळणापर्यंत आले, थांबले आणि शांतपणे माघारी फिरले.

“कामून फिरलात?”

“पुढं वाट न्हाई.”

“मग तिथं दिसलं काय तुम्हाला?”

“संशयास्पद असं काहीच न्हाई.” अण्णांनी लिहिलं, ‘अदृश्य भिंत. स्वतः अनुभवली.’ घड्याळात दीड वाजला होता. विजयश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खालच्या खानावळीतून चन्नव्वा अक्का भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन वर आल्या. ताट ठेवता ठेवता त्यांची नजर पडद्यावर गेली. “अय्यो, भिंतीपास्नं भिंतीपर्यंत जवारी पसरलीस की गं! माणसानं जायाचं कुठनं?”

“वरनंच की, अक्का.”

“अन्नावर पाय ठिवून?”

विजयश्रीनं उडायचं बटन सोडलं आणि पहिल्यांदाच मुलीला गल्लीतून चालवत नेलं. दाण्यांजवळ पाऊल आलं आणि तिचं बोट आपोआप उचललं गेलं. तिनं पुन्हा करून पाहिलं. बोट पुन्हा उचललं गेलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं. एकेक दाणा चमकावा म्हणून तीन दिवस खपली होती, पण तिथं एकदाही चालली नव्हती.

“कडेनं हातभर वाट ठेवतेत गं,” अक्का म्हणाल्या. “सरकव जरा.”

तिनं ज्वारी सरकवली. धनराज पार झाला, पाचांतलीच नेत्रावती पार झाली, आणखी दोघं झाले. पाचवा फोन उचलेना, म्हणून अक्कांनाच खुर्चीवर बसवलं. वाटेत मुलीची टाच एका दाण्याला लागली, तशी अक्कांनी पडद्याला बोटं लावून ती डोळ्यांना लावली आणि मगच पुढं गेल्या. अर्ज सहाला दहा मिनिटं असताना गेला.

“मी म्हणलंच होतं, गुन्हेगार तूच,” अण्णा उठले. “आणखी एक प्रकरण निकाली.” या आनंदात डायरी विसरून ते खाली गेले.

विजयश्रीनं सहज पान एक उघडलं. ‘विलंब अर्धा तास. गल्लीत गौरम्मानं जवारी वाळत घातलीय. वाट नाही. देवळाला वळसा घालून आलो.’

ती हसत खिडकीशी धावली. खाली अण्णा ज्वारीपुढं उभे होते आणि देवळाच्या बाजूला वळत होते.

“अण्णा, कडेनं वाट हाय की!”

“गुप्तहेर कडेनं जात न्हाई,” वर न बघता अण्णा म्हणाले आणि चालू लागले. डायरी न्यायला ते परत आले, तेव्हा आणखी अर्धा तास झाला होता.