दोन कॅमेरे आणि दोन सासूबाई

घरात एक चांगला कॅमेरा असावा, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की बायको आधी गॅस बंद आहे का ते बघून येते. बावीस वर्षांचा अनुभव.)

ऑफिसच्या रस्त्यावरचे कॅमेरा-दुरुस्तीवाले माझ्या ओळखीचे. त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक जाडजूड डिजिटल एसएलआर, दुसरा आटोपशीर डिजिटल रेंजफाइंडर.

"रोजच्या वापराला कुठला बरा?" मी विचारलं.

"वापरणारा कसा आहे त्यावर आहे," माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत ते म्हणाले. "आठवडाभर दोन्ही घरी न्या. फक्त या छोट्याची स्क्रीन बंद ठेवा. फोटो काढला की लगेच बघायचा, ही सवय वाईट. आणि काम झालं की लेन्सवर झाकण लावा."

मी नकाशा खात्यातला कारकून. सूचना पाळणं माझ्या रक्तातच आहे.

घरी बायको कॅमेऱ्यांवर उखडेल असं वाटलं होतं. पण ती हळूच म्हणाली, "अहो, आई रविवारी दादाकडे राहायला जातेय. कायमची. माझ्याजवळ तिचा एकही हसरा फोटो नाही हो. एक काढून द्याल?"

तिचे डोळे भरून आले होते. मलाही गलबलून आलं. अशा वेळी माणसाने फक्त 'हो' म्हणावं. मी म्हणालो, "एक? पन्नास देतो!"

आता सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होत. लग्नापासून मी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. (लग्नात मी हारासकट खुर्चीवरून पडलो, तेव्हासुद्धा त्या "लागलं का?" एवढंच म्हणाल्या.)

शुक्रवारी रजा टाकून एसएलआर गळ्यात अडकवला. मान जी खाली गेली ती जेवणापर्यंत वर आली नाही. सासूबाई खिडकीशी पेपर वाचत बसल्या होत्या. मी नेम धरला, बटण दाबलं. खटाक्! कपाट पडल्यासारखा आवाज. कट्ट्यावरचं मांजर पळालं आणि सासूबाईंनी डोळे मिटले. तसे एक्केचाळीस फोटो काढले. एक्केचाळीसही फोटोंत सासूबाई गाढ झोपलेल्या.

"अहो, काढताना दिसत नाही का तुम्हाला?" बायको म्हणाली.

"नाही दिसत! आत आरसा असतो. बटण दाबलं की तो वर उडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्यासमोर अंधार."

"म्हणजे जे बघायचं तेवढंच दिसत नाही? आणि हे यंत्र भारी?"

बेचाळिसाव्या वेळी मी "डोळे उघडे ठेवा हं!" असं ओरडलो. त्या फोटोत सासूबाईंनी नुकताच दरोडा पाहिला असावा असं वाटतं.

शनिवारी रेंजफाइंडर काढला. त्याच्या खिडकीला डोळा लावला आणि माझी पाचावर धारण बसली. समोर दोन सासूबाई! मग आठवलं, दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं होतं की लेन्सभोवतीचं कडं फिरवून दोन चित्रं एकावर एक आणायची, की फोकस जमला. घाईघाईने फिरवलं. एकच सासूबाई उरल्यावर हायसं वाटलं.

आणि काय सांगू! या कॅमेऱ्यात आरसा नाही, अंधार नाही. खटाक् तर नाहीच. नुसतं टिक्, आणि बऱ्याच वेळाने दुसरं टिक्. (मला वाटलं, उंची वस्तू आहे, घाई करत नाही.) पहिल्या टिक्ला सासूबाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. दुसऱ्या फोटोला ओठांचा कोपरा हलला. पाचव्याला त्यांनी तोंडाला पदर लावला. आणि मी जेवणाच्या टेबलाखाली गुडघ्यावर बसून "वा! अशाच! प्रकाश काय सुंदर आलाय!" म्हणालो, तेव्हा त्या खो खो हसल्या. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मी धन्य झालो. बायको बाजूला उभी राहून तो एसएलआर उगाच खटाक् खटाक् करत होती. तिला मी दटावलंसुद्धा, "खेळणं आहे का ते? कलावंताचं लक्ष विचलित होतं."

तिने मान खाली घातली. खांदे हलत होते. मला वाटलं, आई जाणार म्हणून रडतेय बिचारी.

संध्याकाळी मी दोघींना कॉम्प्युटरसमोर बसवलं, कार्ड घातलं आणि पहिला फोटो उघडला. काळा. दुसरा काळा. दहावा, तिसावा, बासष्टावा, सगळे काळेकुट्ट. मी कार्ड काढून शर्टाला पुसलं, परत घातलं. तरी काळेच. सकाळी गाडी होती. तो हसरा चेहरा आता पुन्हा कुठून आणू?

"कार्ड बिघडलंय!" मी किंचाळलो.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "झाकण."

मी कॅमेरा उलटा करून बघितला. लेन्सवर काळं झाकण घट्ट बसलेलं होतं. त्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. मला सगळं दिसत होतं, कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं. दुसरं टिक् उशिरा का येत होतं तेही आता कळलं: बिचारा अंधारात उजेडाची वाट बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या फोटोपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"जावयाची चूक काढायची म्हणजे बरं दिसत नाही. शिवाय चाळीस वर्षं पोरांच्या चुका अर्ध्यात पकडल्या. म्हटलं, एखादी तरी शेवटपर्यंत होऊ द्यावी."

मी बायकोकडे वळलो. "तुलाही माहीत होतं?"

"मलाच काय, समोरच्या डॉक्टरीणबाईंनाही. त्यांनी गॅलरीत खुर्ची आणून घेतली होती."

मग तिने दुसरं कार्ड घातलं. एसएलआरचं. पडद्यावर सासूबाई आल्या. मान मागे टाकलेली, डोळे सताड उघडे, चष्मा नाकावर घसरलेला, आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. त्या हसण्यापुढे खटाक् त्यांना ऐकूच गेलं नसावं. बायको त्या फोटोकडे बघतच राहिली. मग तिने आईचा हात घट्ट धरला.

फोटोच्या डाव्या बाजूला, टेबलाखालून अर्धा बाहेर आलेला, एक डोळा मिटलेला आणि हातात झाकण लावलेला कॅमेरा असा एक गृहस्थ होता.

मी घसा साफ केला. "छान आहे. फ्रेम करू. फक्त डावीकडचा भाग कापून टाकू."

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कापलंत, तर मी कशाला हसतेय ते लोकांना कसं कळणार?"