पाभरीचा मानपान

"थ्रेडचा सगळा भाग आता उत्कर्षा नव्यानं बांधणार," असं आप्पासाहेबांनी जाहीर केलं आणि यशराजचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

बारामतीला लागून असलेल्या जळोचीत, खताच्या दुकानावरच्या माडीवर, आप्पासाहेबांनी अठ्ठ्याण्णव साली स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा काढली होती. नाव 'पाभर'. शेतातली पाभर एका फेरीत अनेक ओळी पेरते, तशी ही भाषा एकाच वेळी अनेक कामं हाकणार होती. त्यातल्या एकेका कामाला म्हणायचं थ्रेड. थ्रेड हाकायची तयार साधनं भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत होती आणि ती यशराजनं लिहिली होती. त्यांची खोड एकच. एका थ्रेडनं एखादी नोंद धरली की तो ती सोडायचं नाव घेत नसे, आणि बाकीचे ताटकळत बसत. हा गुण थेट यशराजकडूनच उतरलाय, असं ऑफिसात त्याच्या पाठीमागं बोललं जाई.

बावड्याच्या, पुण्यात शिकून आलेल्या उत्कर्षाला नोकरीला लागून पुरता हंगामही उलटला नव्हता. तिची नवी रचना साधी होती. काम झालं की थ्रेडच्या हातातलं आपोआप सुटायचं. सगळ्यांनी वाहवा केली. यशराजला मात्र तिचा एवढा हेवा वाटला, की त्याला अन्न गोड लागेना. नव्या आवृत्तीवर रचनाकार म्हणून एकच नाव झळकणार होतं, आणि ते हिचं?

"आप्पा, डिझाइन चांगलं हाय, पण त्याला रीत न्हाय," तो मीटिंगमध्ये म्हणाला. "दुसरा थ्रेड दारात उभा, आन् हिचा खुशाल आत बसून! आपल्याकडं असं चालतं व्हय? आपण मागं सरावं!"

"पण सर, दोघंही मागं सरले तर..." उत्कर्षा म्हणाली.

"मॅडम, तुमच्या पुण्याच्या कॉलेजात चालत असंल. हितं मानपान बघावा लागतो."

मानपान म्हटल्यावर आप्पासाहेब विरघळले. दुसरा थांबलेला दिसला की आपण मागं सरायचं, असा नियम यशराजनं घुसवला. आपली करामत लोकांना दिसावी म्हणून त्यानं पडद्यावर मराठीत सूचनाही उमटवल्या. आता नाव आपलंच, अशी त्याची खात्री झाली.

पहिलं प्रात्यक्षिक शेळगावच्या एका दूध केंद्रावर होतं. एक थ्रेड दुधाचं वजन टिपणार, दुसरा पावती छापणार, आणि दोघांनाही किटलीची एकच नोंद लागणार. रांगेत पहिल्या असलेल्या गेणबानं आपली किटली काट्यावर ठेवली.

पडद्यावर उमटलं, 'वजन: आधी तुमी.'

खाली उमटलं, 'पावती: न्हाय न्हाय, आधी तुमी.'

मग पुन्हा वजन. पुन्हा पावती. पंगतीत दोन व्याही पहिल्या घासावरून अडून बसावेत तसं चाललं होतं. पडदा भरून वाहू लागला, रांग रस्त्यावर गेली.

"आरं, ह्यांचं कवा उरकायचं?" गेणबा ओरडला. "माजं दूध नासंल की!"

"दोघांतला थोरला कोण त्ये ठरवा अन् त्येला घाला आत!" मागून ठमाबाईनं तोडगा सुचवला.

आप्पासाहेब लालबुंद झाले. "ही कुणाची अक्कल?"

यशराजला जन्मात पहिल्यांदा उत्कर्षाचं कौतुक सुचलं. तो खुर्चीवरच उभा राहिला. "मंडळी, ही समदी रचना उत्कर्षा मॅडमची! पहिल्या ओळीपासनं शेवटच्या ओळीपतुर! माझा त्यात काडीचाबी संबंध न्हाय!"

उत्कर्षानं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग कीबोर्ड ओढला, यशराजचा नियम तेवढा पुसला आणि काम पुन्हा सुरू केलं. वजन झालं, लगोलग पावती फडफडत बाहेर आली. रांग भराभर सरकू लागली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"शाबास पोरी!" आप्पासाहेब म्हणाले. "नव्या आवृत्तीवर नाव तुझंच. यशराजनं समद्यांदेखत सांगितलंच हाय."

"आप्पा, म्हंजे... तसं बघितलं तर थोडं माझंबी..."

"गप रं! आता मागं सरू नगं," आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसऱ्याचं नाव असं तोंड भरून घेणारा माणूस आजकाल मिळतो कुठं? काय मन हाय तुझं!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी यशराजसाठी. सगळ्यात जोरात उत्कर्षा वाजवत होती.